शांतता समितीतलं गाऱ्हाणं

म्हातारपणी झोप येत नाही, अशी सगळ्यांची तक्रार असते. मला सगळीकडे येते. बँकेच्या रांगेत येते, कीर्तनात तर येतेच, आणि रिक्षात बसले, डोंगराकडचा वारा कानाला लागला की डोळे आपसूक मिटतात. पण मिटल्या डोळ्यांनी मी पुष्कळ बघते. आमच्या घरात हे कोणाला पटत नाही.

आम्ही राहतो ते मुलुंड आणि भांडुपच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी. इमारत नवी असली तरी माणसं सगळी जुन्या चाळीतली, त्यामुळे लिफ्टमध्येसुद्धा शेजारणीला हाक मारून बोलावं लागतं, इतका आवाज. गच्चीवर गेलं की एका अंगाला डोंगर. श्रावणात तो सकाळी दिसतच नाही. ढग खाली उतरून आमच्या पाण्याच्या टाकीवर बसलेले असतात. दुसऱ्या अंगाला, पार लांब, रुळांच्या पलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात तेव्हा पाण्यावर कोणी अबोलीचा गजरा सोडून दिल्यासारखा वाटतो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे मला तो गजराच दिसतो, आणि ऑपरेशन करून त्याचे पक्षी करून घ्यायची मला काही घाई नाही.

त्या अबोलीच्याच रंगाची रिक्षा आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी चालवते. बायकांच्या रिक्षांचा रंग तो. नवरा गेल्यावर दोन लेकरं आणि सासू पदरात घेऊन ही रिक्षाच्या हँडलवर बसली. घर बौद्ध. दारावर निळं तोरण, आत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पोरांची बक्षिसं. बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, ‘‘अगं, हळू चालव.’’ तर म्हणाली, ‘‘आजी, याहून हळू चालवली तर लोक तुम्हाला खांदा द्यायला येतील.’’ त्या दिवसापासून मी दुसऱ्या रिक्षात बसत नाही.

तर त्या दिवशी मी दाढ काढून येत होते. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल बधिर, आणि डॉक्टरने ताकीद दिलेली, संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही. आमच्या घरात त्या डॉक्टरची आरतीच व्हायची बाकी होती. स्टेशनच्या नाक्यावर रिक्षा अडकली. पाऊस नुकताच थांबला होता, रस्त्यातून वाफ निघत होती, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. नाक्याच्या कोपऱ्यावर डोंगरावरच्या पाड्यातली म्हातारी रानभाजी घेऊन बसते. टाकळा, कंटोळी, कधी कुर्डू. तिच्यासमोर एक हवालदार उभा होता. ‘‘ऊठ, ऊठ’’ चाललं होतं. ती उठतच होती. पण म्हातारे गुडघे एका हुकमात सरळ होतात का? त्याने काठी टोपलीवर मारली. कंटोळी रस्त्यावर घरंगळत आमच्या चाकाखाली आली.

आमची रिक्षावाली खाली उतरली. ‘‘साहेब, उचलायला वेळ तर द्या तिला,’’ म्हणाली आणि फोन काढून वर धरला. हवालदार वळला. काठी फोनवर मारली की मनगटावर, त्याचं त्यालाच कळलं नसेल. बसली दोन्हींवर. फोन गटारात गेला आणि ती मनगट छातीशी धरून उभी राहिली. तिने त्याला बोटसुद्धा लावलं नाही. मी मागच्या सीटवरून ओरडले. पण कापसातून काय ओरडणार? ‘‘ऊंऽऽ’’ एवढंच. हवालदाराने आत डोकावून बघितलं आणि त्याला वाटलं, म्हातारी घोरतेय.

नाक्यावर सगळी आमचीच माणसं होती. आमच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष पेपर घ्यायला थांबलेले, खजिनदार वडापाव खात, फुलवाला, चप्पलवाला. अर्धे मालवणकडचे, अर्धे देवगडचे. सगळ्यांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत एकालाही काही दिसलेलं नव्हतं.

रिक्षावालीला पोलीस ठाण्यात नेलं. कुठल्या, ते सांगत नाही. आम्हाला अजून तिथेच राहायचं आहे. हवालदाराचं म्हणणं लिहून घेतलं गेलं: तिने ढकललं, सरकारी कामात अडथळा आणला. मग तिला सांगितलं, लेखी माफी दे, ‘माझ्याकडून धक्काबुक्की झाली’ म्हणून, म्हणजे इथेच मिटवू. नाही तर गुन्हा दाखल. आता तिच्या रिक्षाच्या बॅजचं नूतनीकरण आलेलं. त्यासाठी पोलिसांची पडताळणी लागते. गुन्हा दाखल झाला तर बॅज अडकला, आणि माफी लिहून दिली तर आपल्याच हाताने आपण मारकुट्या ठरलो. बॅज नाही तर रिक्षा नाही. रिक्षा नाही तर वरच्या मजल्यावरची चूल नाही. गणपतीनंतर बघू, तोवर विचार कर, असं म्हणून तिला सोडलं.

ती जिन्यात भेटली तेव्हा मनगटाला ओढणी गुंडाळलेली होती. म्हणाली, ‘‘माफी नाही लिहिणार, आजी. जे केलं नाही त्याची माफी लिहायला मला शाळेत शिकवलंच नाही.’’

आता इथे थोडं मागं जाते, कारण पोलिसांच्या बाबतीत मी एके काळी किती भोट होते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लग्नाआधी मला इन्स्पेक्टरच नवरा हवा होता. गावात मी बघितलेला पोलीस एकच, तोही सायकलवरचा, त्याची विजार क्लिपने पोटरीला आवळलेली. पण त्या क्लिपवर मी फिदा होते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘पोलीस: जनतेचा मित्र’ या विषयावर मी इतकी रडून बोलले की परीक्षकांना वाटलं, माझे वडील पोलिसात होते आणि वारले. वडील समोर बसून सुपारी कातरत होते. पुढे लग्न झालं गिरणी कामगाराशी, आणि या डोंगराखालच्या चाळीत आले, तेव्हा माझ्या माहेरचा तांब्याचा बंब चोरीला गेला. दुसरी बाई रडली असती. मी आनंदले! ठाण्यात जायला मिळणार म्हणून. हिरवी इरकल नेसून, गजरा माळून गेले. तिथल्या जमादारांनी विचारलं, बंब कुठे होता? म्हटलं, गल्लीत, मोरीच्या बाहेर. ‘‘गल्लीच्या कुठल्या बाजूला?’’ म्हटलं, बंब मोठा होता, थोडा इकडे, थोडा तिकडे. तर ते म्हणाले, ‘‘बाई, गल्लीच्या मधून हद्द जाते. आधी बंब नक्की कुणाच्या हद्दीत होता ते ठरवून या.’’

मी घरी आले ती तरंगत. ह्यांना म्हटलं, ‘‘अहो, काय बारीक विचार करतात! आपल्या बंबातून सरकारची हद्द जात होती, आपल्याला पत्ता होता का?’’ बंब अजून सापडायचा आहे. त्या वर्षीपासून महिला मंडळातर्फे ठाण्यात जाऊन पोलिसांना राख्या बांधायची टूमही मीच काढली. एवढे भाऊ असलेली बाई त्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. कुणी म्हणालं, अमक्याला पोलिसांनी मारलं, की मी पदर खोचून विचारायची, ‘‘उगाच मारतील का? काहीतरी केलंच असेल.’’ ती बाई आता मला कधी कधी दुपारच्या झोपेत भेटते. गजरा माळलेला, मान ताठ. मी तिला म्हणते, ये, बस, चहा घे, पण तोंड उघडू नकोस.

दाढेची सूज उतरल्यावर मी नातीला घेऊन ठाण्यात गेले. नात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेवताना मीठ मागितलं तरी कलम विचारते. टेबलामागचे साहेब बोलायला गोड होते. ‘‘आजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुम्हाला तर रिक्षात झोप लागली होती.’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘हवालदार म्हणाले. घोरत होतात.’’

‘‘मी ओरडत होते!’’

साहेबांनी नातीकडे बघितलं. नातीने, कायदा शिकणाऱ्या माझ्या सख्ख्या नातीने, नको तेव्हा खरं बोलून टाकलं: ‘‘आजीला लागते झोप रिक्षात. पण...’’ झालं. माझा जबाब त्या ‘पण’च्या अलीकडेच मेला.

मग नातीने नाक्यावरच्या कॅमेऱ्याचं विचारलं.

‘‘तो बंद होता.’’

‘‘एरवी चालू असतो?’’

‘‘असतो ना.’’

‘‘मग बंद कधी पडतो?’’

‘‘त्या दिवशी पडला होता.’’

बाहेर आल्यावर नात म्हणाली, ‘‘आजी, तुझ्या बंबासारखंच झालं बघ.’’ मला राग आला. कारण खरं होतं.

त्यानंतर आमच्या घरात रोज रात्रीच्या जेवणाला पोलीस खातं वाढलं जाऊ लागलं. आमचे हे पोलिसांच्या बाजूचे. गंमत अशी की ह्यांच्या पाठीवर संपाच्या वेळचा लाठीचा वळ आहे, ऊन लागलं की अजून खाजतो. तरी म्हणणार, ‘‘अगो, त्येंका वरसून हुकूम येता. दोन दोन पाळ्ये उभे ऱ्हवतत. क्वार्टर गळता, पोरांची शाळा बदलता. माणूस हा तो, चिडतलोच.’’

नात म्हणायची, ‘‘आजोबा, तेच तर मी म्हणतेय ना यार! त्यांची ड्यूटी आठ तासांची करा, घरं नीट द्या, नेत्याच्या फोनवर बदल्या करू नका. हीच सुधारणा. पण चिडलेल्या माणसाची काठी नेहमी टोपलीवरच कशी पडते? साहेबांच्या टेबलावर का पडत नाही?’’

ह्यांनी आमटी भुरकली. टेबलावर पडत नाही हे गिरणीत पण बघितलं होतं त्यांनी.

‘‘आणि चौकशी कोण करणार?’’ नात पेटलेली. ‘‘त्यांच्यातलाच एक. बाहेरचं प्राधिकरण आहे तक्रारीला, पण लोकांना ते कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘स्वयंपाक सासूचा आणि चव बघणारीही सासूच. अळणी झालंय हे सांगणार कोण?’’

‘‘तू कधी सांगूक नाय वाटता तुझ्या सासूक?’’ हे म्हणाले.

‘‘मी नुसती मीठ वाढून घ्यायची.’’

‘‘तसाच करूचा असता,’’ हे म्हणाले. ‘‘गप ऱ्हवान आपापला वाढून घेवचा.’’

नात ताट घेऊन उठली. जाता जाता म्हणाली, ‘‘वरच्या ताईने काय वाढून घ्यायचं, सांगा ना. तिचा बॅज कुठल्या बरणीत असतो?’’ भिंतीवरची पाल तेवढी चुकचुकली, पण कोणाच्या बाजूने ते कळलं नाही.

मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. साठीचा माणूस, मला काकी म्हणतो, त्याच्या मुंजीत मी लाडू वळलेत. ‘‘तू होतास ना रे नाक्यावर?’’

त्याने इकडेतिकडे बघितलं. ‘‘काकी, मंडपाची परवानगी ठाण्यात अडकली हा. लाउडस्पीकरची पण. आता आपण त्यांच्याशी वाकड्यात शिरलो तर बाप्पाक खय बसवतलो, तुझ्या गच्चीवर? गणपती होऊन जाऊ दे. मग मी स्वतः बोलतंय.’’

‘‘गणपती झाल्यावर तिचा बॅज जाईल.’’

‘‘बघू गो,’’ म्हणाला. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे डोळे मिटायचे.

यात आमच्या माणसांना मी भित्रे म्हणणार नाही. वर्षभर आमची माणसं कोणाचंही ऐकून घेत नाहीत. पण श्रावण उतरणीला लागला की अख्खी वस्ती ठाण्यासमोर मवाळ होते. कारण देवाला मुंबईत यायलाही पोलिसांचा शिक्का लागतो.

गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक असते. सगळ्या मंडळांची माणसं आणि पोलीस शाळेच्या सभागृहात जमतात, मिरवणूक, आवाज, रस्ता यावर बोलणं होतं, चहा आणि वेफर्स मिळतात. या वर्षी आमच्या भागात नवे मोठे साहेब आले होते, सोलापूरकडचे. त्यांनी ठरवलं, सर्वात जुन्या महिला कार्यकर्तीचा सत्कार करायचा. ती मी. राख्यांचं पुण्य, दुसरं काय. नातीने मला बजावलं, ‘‘आजी, माइक मिळेल. बोल.’’ अध्यक्षाने बजावलं, ‘‘काकी, धन्यवाद म्हण आणि खाली बस.’’ रिक्षावालीने काही बजावलं नाही. ती मागच्या दाराशी उभी होती. मला सोडायला आलेली.

बैठक दुपारची. बाहेर ढग इतके खाली आले होते की सभागृहात दिवे लावले होते. पंखे संथ फिरत होते. ध्वनिवर्धकाची मर्यादा, मूर्तीची उंची, विसर्जनाचा मार्ग... आवाज लांबून यायला लागले. चाफ्याचा वास आला. सभागृहात चाफा कुठला? मला नंतर कळलं, पुढच्या ओळीतल्या बाईचं अत्तर होतं. पण तेव्हा मी गावच्या देवळाच्या आवारात होते. फरशीवर दव, पायांना गारवा. आजोबा पागोटं बांधून, हातात नारळ धरून उभे. ते गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे गावातलं काय बिघडलं, काय हवं, ते सगळ्यांच्या वतीने देवासमोर मोठ्याने सांगायचं. एकेक वाक्य झालं की जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. तो मान पुरुषांचा. आम्हा पोरींनी फक्त ऐकायचं. मी मात्र पाठ केलं होतं. काजूच्या झाडाखाली काजूचं बोंड हातात धरून बकऱ्यांसमोर घालायची. बकऱ्या ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नाहीत, तेही मीच म्हणायची.

कोणीतरी दंडाला धरून उठवलं. मी चालत व्यासपीठावर गेले. साहेबांनी खांद्यावर शाल घातली. शेजारी तबक धरून तोच हवालदार उभा होता, इस्त्रीच्या गणवेशात, टोपी काखेत. कणकवलीच्या बाजूचा. हे मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं होतं. आमच्याकडची माणसं उभी असली तरी दगडी गडग्याच्या कुंपणाला टेकल्यासारखी उभी असतात. साहेबांनी तबकातला नारळ उचलून माझ्या हातात दिला.

शेंडीचा नारळ. हाताला त्याची खरखरीत किशी लागली. समोर आमची माणसं बसलेली, सगळ्यांचे चेहरे वर. मी डोळे मिटले.

मी तेव्हा जागी होते की झोपेत होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नात विचारून थकली. इथेही सांगणार नाही.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ माझ्या तोंडून निघालं, आणि माझा मलाच तो आवाज आजोबांचा वाटला. ‘‘डोंगराच्या राखणदारा, मिठागराच्या धन्या, आज ही तुझी लेकरां हयसर जमली आसत, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ पुढच्या दोन ओळी तर लगेच. कोणी विचार नाही केला. विचार करून म्हणायची गोष्टच नाही ती. लहानपणापासून पोटात बसलेली असते, शिंकेसारखी येते.

‘‘सगळ्यांका सुखी ठेव, ह्येंच्या पोराबाळांका संबाळ...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आता सगळं सभागृह. साहेब हसत होते, त्यांना वाटलं लोककला आहे.

‘‘श्रावणात टेशनाच्या नाक्यार डोंगरावयली म्हातारी भाजी घेवन बसली हुती, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘ती उठत हुती, उठतासतानाच तिच्या टोपलीर काठी पडली, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आमच्या लेकीन सांगल्यान, वायच थांबा, तर तिच्या मनगटार काठी बसली, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘लेकीन कोणाक हात लावक नाय, कोणाक ढकलूक नाय, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

हा शेवटचा मात्र माझ्या उजव्या कानाशी आला, आणि सभागृहातल्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून आला. कारण तबक धरून उभा असलेला हवालदार माइकच्या सर्वात जवळ होता.

मी डोळे उघडले. एवढं माणसांनी भरलेलं सभागृह, पण पंख्याचा आवाज ऐकू येत होता. हवालदाराचं तोंड अजून ‘जा’वरच उघडं होतं. अध्यक्ष खजिनदाराकडे बघत होता, खजिनदार बुटांकडे. आपण काय म्हणून बसलो ते एकेकाच्या डोक्यात उतरत होतं, आणि बाहेर पाऊस सुरू झाला होता असं मला आठवतं, पण नात म्हणते, नव्हता.

साहेबांचं हसू गेलं. ‘‘हे काय होतं?’’ त्यांनी विचारलं.

शेवटी अध्यक्ष उठला. आवाज बारीक. ‘‘साहेब, गाऱ्हाणं. देवाला घालतात.’’

‘‘ते कळलं. पण यात सगळे ‘हो’ म्हणतात ते कशाला?’’

‘‘खरं असेल तर म्हणतात, साहेब. नारळ हातात असतो. खोट्याला नाही म्हणत कोणी. म्हणूच शकत नाही.’’

साहेब हवालदाराकडे वळले. ‘‘तुम्हीपण म्हणालात.’’

‘‘सवय हा, साहेब. तोंडातून...’’

‘‘सवयीने म्हणालात. मान्य. आता सवय बाजूला ठेवून सांगा. तिने ढकललं होतं?’’

हवालदाराने तबक टेबलावर ठेवलं. मला त्याचा चेहरा गणवेशातून सुटून एखाद्या ओळखीच्या घरातल्या मुलासारखा दिसला. ‘‘नाय, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘तिने हात नाय लावलान.’’

मग कसं काय, अध्यक्षाला दिसायला लागलं. खजिनदारालाही. फुलवाल्याला तर इतकं दिसलं की कंटोळी कुठवर घरंगळली तेही सांगितलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे जबाब घ्यायला लावले, आणि मंडपाची परवानगी ठरल्या दिवशीच दिली. हे मुद्दाम सांगते, कारण आमची माणसं दोन दिवस जेवली नव्हती.

पण सगळे टाळ्या वाजवत माझ्याभोवती जमले, तेव्हा रिक्षावाली जागची हलली नव्हती. ती दाराशीच उभी. मी जवळ गेले तर म्हणाली, ‘‘थँक यू, आजी. पण तुमचं गाऱ्हाणं तुमच्या देवाला. मी महिनाभर कायद्याला सांगत होते. त्याला कोणी ‘हो’ म्हटलं नाही.’’

मला हे लागलं. लागायलाच हवं होतं. मी तर शाल सावरत, मनातल्या मनात पुन्हा इरकल नेसून उभी होते.

रिक्षात बसल्यावर नातही तिच्याच बाजूची. ‘‘आजी, भारी होतं, झकास होतं, माझ्या अंगावर काटा आला. पण ही सुधारणा नाही, हा चमत्कार आहे. उद्या हवालदार नागपूरकडचा असला तर? तुला सर्दी झाली असली तर?’’

‘‘तर तू घाल,’’ मी म्हटलं.

‘‘मी तक्रार घालणार,’’ ती म्हणाली. आणि पुढच्या सीटवरून रिक्षावाली म्हणाली, ‘‘मी पण.’’

हवालदाराने आपलं म्हणणं मागे घेतलं, पडताळणी झाली, बॅज आला. तिने तो खिशावर लावून मला दाखवला, आणि मग त्याच दिवशी ती आणि नात दोघी जाऊन त्या बाहेरच्या प्राधिकरणाकडे रीतसर तक्रार देऊन आल्या: मनगटाची, फोनची, टोपलीची आणि त्या ठराविक दिवशी बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याची. आमचे हे म्हणाले, ‘‘बॅज गावलो ना? मग आता कित्याक?’’ पण नात दारातून बाहेर पडताना, ‘‘ह्या घेवन जा,’’ म्हणून आपली जुनी छत्री त्यांनीच काढून दिली. संपातल्या वळाची तक्रार ह्यांनी कुठेही दिली नव्हती. तेव्हा असलं काही ठिकाण असतं तर दिली असती का, असं मी विचारलं, तर पाठ खाजवत म्हणाले, ‘‘माका काय म्हायत.’’

गणपतीत आमच्या मंडपावर बंदोबस्ताला नेमका तोच हवालदार आला. सकाळपासून उभा होता. दुपारी रांग जरा ओसरली, अगरबत्तीचा धूर छपराखाली साचून राहिलेला, त्या धुरात सगळी माणसं अर्धी अर्धी दिसत होती. मी खुर्ची सरकवून दिली आणि द्रोणात मोदक दिला.

‘‘आजी, माझी चौकशी लागली हा,’’ तो म्हणाला.

‘‘लागू दे. बस तू.’’

तो बसला. मोदकाचं टोक मोडलं. तेवढ्यात रिक्षावाली मला न्यायला आली. त्याला बघून ती मंडपाच्या बाहेरच थांबली. तो खुर्चीवरून उठला. बसावं की उभं राहावं, हे त्याला कळेना.

‘‘मागे घेणार नाय काय तक्रार?’’ त्याने विचारलं. रागाने नाही. बसची वेळ विचारावी तसं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पहाटे हँडल फिरवताना मनगट अजून ठणकतं.’’

त्याने मान हलवली. मग द्रोणाकडे बघत म्हणाला, ‘‘माझ्या पोरीच्या कानावर गेला. आठवीत हा ती. विचारल्यान, पप्पा, तुम्ही खरंच मारलंत? म्हटलं, मारलं. त्यापासून बोलत नाय माझ्याशी.’’

रिक्षावालीने मला हात देऊन मंडपाच्या पायरीवरून उतरवलं, सीटवर बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून आत खोचला. रिक्षा सुरू केली. मग त्याच्याकडे न बघता, आरशात बघत म्हणाली, ‘‘बोलेल ती. खरं सांगितलंत ना.’’

आणि आम्ही निघालो. डोंगरावरून ढग उतरत होते.